पाण्याला वाट, हवेलाही वाट

(घरच्या प्रवाळ-टाकीचा सांडवा आणि नळकाम या विषयावरील पुस्तिकेची प्रस्तावना)

आमच्या घरी समुद्राच्या पाण्याची पहिली टाकी आली तेव्हा ती हॉलमध्ये मांडली होती, आणि आई हॉलमध्येच झोपायची. चौथ्या रात्री तिने मला उठवलं. म्हणाली, "अरे, तुझ्या त्या पाइपला रात्रभर ढेकर येतायत. काहीतरी अडकलंय बघ त्याच्या घशात." मी अंधारात टाकीपाशी बसून ऐकू लागलो. आधी पाणी उतरल्याची सरसर. ती हळूहळू दबत जायची, मग दोन-तीन सेकंद सगळं चिडीचूप, आणि त्यानंतर बेसिनमधलं शेवटचं पाणी जाताना येतो तसा एक लांबलचक घोट. पुन्हा सरसर. घड्याळ लावून पाहिलं, दर चाळीस सेकंदांनी एक फेरा पुरा होत होता. दुसऱ्या दिवशी मी खालच्या कपाटाच्या दारांना आतून जाड फोम चिकटवला. आवाज कमी झाला, आईची झोप लागली आणि तो विषय माझ्यापुरता संपला.

सात महिन्यांनी त्याच पाइपच्या तोंडाशी एक गोगलगाय जाऊन बसली. वेळ पहाटेची होती. खाली उतरायची वाट बंद झाली, पण पंपाला त्याचा पत्ता नव्हता. तो खालच्या कपाटातल्या संपातलं, म्हणजे दुसऱ्या छोट्या टाकीतलं, पाणी वर चढवत राहिला. संपातली पातळी उतरली म्हणून बाष्पीभवनाची तूट भरणारी स्वयंचलित यंत्रणा जागी झाली आणि तिने आपलं काम चोख करत गोडं पाणी सोडायला सुरुवात केली. तेही पंपाने वर नेलं. टाकीच्या काठाला दोन सेंटिमीटर मोकळीक होती, ती कधीच भरली. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या. त्या एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत. मला खाली घेऊन गेल्या आणि देवघराच्या वर छताला धरलेली ओल दाखवली. ते छत रंगवून दिलं, पण ती सकाळ मनातून गेली नाही.

पुढे कितीतरी दिवस मी या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरून चाललो होतो: आवाज ही एक अडचण, पूर ही दुसरी. एकीवर फोम, दुसरीवर जाळी. त्या एकच आहेत हे उमगायला वेळ लागला. पाणी आणि हवा एकाच पाइपात एकमेकांची वाट अडवतात तेव्हा तो पाइप आवाज करतो. आणि असा पाइप आपल्या क्षमतेच्या टोकाशी केव्हा येऊन ठेपलाय हे बाहेरून कळत नाही, म्हणून तोच एक दिवस घर भिजवतो. शांतता आणि सुरक्षितता अशा दोन वेगळ्या वस्तू विकत घ्यायच्या नसतात. पाण्याला आणि हवेला आपापली वाट दिली की दोन्ही एकदमच हाती येतात. या पुस्तिकेत जे काही आहे ते एवढ्या एका गोष्टीचा विस्तार आहे.

आधी सांडवा म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत याला ओव्हरफ्लो म्हणतात आणि छंदातली मंडळीही तोच शब्द वापरतात. मला मात्र धरणाचा सांडवा हा शब्द इथे फार नेमका वाटतो. धरणात पाणी ठरलेल्या पातळीवर आलं की ते सांडव्यावरून आपसूक खाली जातं. टाकीचंही तेच. काचेच्या वरच्या कडेला एक कप्पा असतो, त्याच्या दातेरी काठावरून पृष्ठभागावरचं पाणी आत सांडतं, पाइपातून खालच्या कपाटातल्या संपात उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर पाठवतो. पाण्यावर साचणारा तेलकट, प्रथिनांचा पापुद्रा सांडव्यावरून निघून जातो, त्यामुळे पाण्याला प्राणवायू घेता येतो. हीटर, फोम काढणारा स्किमर, मोजमापाचे सेन्सर हे सगळं नजरेआड संपात राहतं. वरची पातळी वर्षभर एका रेषेवर टिकते. बाष्पीभवनाची घट दिसते ती फक्त संपातल्या पंपाच्या कप्प्यात.

ही घट साधी नव्हे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. प्रवाळांना लागतं समुद्राइतकं खारेपण, म्हणजे किलोमागे साधारण 35 ग्रॅम क्षार, आणि तेही डुगडुगणारं चालत नाही. घट एका जागी दिसावी आणि तिथेच भरता यावी म्हणून संप लागतो, संप आला की सांडवा आला, आणि सांडवा आला की हा सगळा नळकामाचा प्रपंच आला.

आता आवाजाकडे. उभ्या पाइपातून थोडंसं पाणी सोडलं तर ते पाइपाच्या आतल्या भिंतीला धरून उतरतं, मधोमध हवेचा खांब राहतो. पाणी वाढवत नेलं की एका क्षणी तो खांब तुटतो, पाइप पूर्ण भरतो आणि सायफन सुरू होतो. सायफनची ओढ जबर असते. कप्प्यातली पातळी झरझर खाली येते, पाइपाचं तोंड उघडं पडतं, हवा आत घुसते, तो लांब घोट ऐकू येतो आणि सायफन तुटतो. मग कप्पा पुन्हा भरू लागतो. आईने ऐकलेली ढेकर ती हीच.

यावरचा उपाय आपल्याकडच्या पाणक्यांना आणि गवंड्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळाने पुण्यातल्या हौदांपर्यंत आणलं. त्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. नळात अडकलेली हवा बाहेर पडावी, नळाने श्वास घ्यावा, म्हणून. किती सुंदर शब्द आहे तो! आजही आपल्या सोसायटीच्या गच्चीवर गेलात तर सांडपाण्याचे उभे पाइप गच्चीच्या वर काढलेले आणि त्यांच्या तोंडावर जाळीची टोपी बसवलेली दिसेल. तोही उच्छ्वासच. तो बंद झाला की न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप गुडगुडू लागतो आणि त्यातलं पाणी ओढलं जाऊन घाण वास घरात शिरतो.

टाक्यांच्या छंदात हा उच्छ्वास आणला तो रिचर्ड डर्सो या अमेरिकी हौशी माणसाने. त्यांचा उभा पाइप आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रचना अगदी सोपी: उभ्या पाइपावर एक टी, टीच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो, म्हणजे पाणी पृष्ठभागाखालून आत शिरतं, आणि टीच्या डोक्यावर टोपी, टोपीला एक बारीक भोक. त्या भोकातून हवा सतत, थोडीथोडी आत येत राहते आणि सायफन धरतच नाही. भोक लहान असेल तर घोट येतात, फार मोठं असेल तर पाणी धबधब्यासारखं वाजतं. योग्य आकार सापडेपर्यंत धीराने भोक वाढवत न्यावं लागतं. छोट्या टाकीला डर्सो आजही पुरतो. पण तो एकटा पाइप आहे, आणि एकटा पाइप गोगलगाईच्या एका मुक्कामाने बंद पडतो.

पुढची पायरी हर्बी. हे एका हौशी माणसाने घेतलेलं टोपणनाव, तेच रचनेला चिकटलं. इथे विचार उलटा आहे: हवा आत घ्यायचीच नाही. एका पाइपाला खाली व्हॉल्व्ह लावून प्रवाह इतका आवळायचा की पाइप सदैव पाण्याने भरलेला राहील. भरलेला पाइप बोलत नाही. शेजारी दुसरा पाइप, त्याचं तोंड उंचावर, कोरडा, आणीबाणीपुरता. भरलेल्या पाइपाची ताकदही मोठी. संपापासून पाऊण मीटर वर असलेला एक इंची पाइप सगळे एल्बो आणि घर्षण धरूनही ताशी तीन हजार लिटरच्या आसपास पाणी उतरवू शकतो. हवा घेत वाहणाऱ्या त्याच पाइपाला याचा काही हिस्साच झेपतो. अडचण एकच: पंपाचा आणि व्हॉल्व्हचा मेळ केसभर चुकला तरी पातळी सावकाश वर किंवा खाली सरकत राहते. पंपात थोडा गाळ बसला, व्हॉल्व्हमध्ये शेवाळ धरलं, की पुन्हा जुळवणी आली.

त्यावरचं उत्तर म्हणजे बीनअ‍ॅनिमल. हेही टोपणनावच. या पुस्तिकेचा मोठा भाग मी या रचनेला दिला आहे. इथे पाइप तीन. पहिला भरलेला, व्हॉल्व्ह लावलेला. बहुतेक सगळं पाणी तो नेतो. दुसरा मोकळा, डर्सोसारखा. पहिल्याकडून उरलेली बारीक धार त्याच्या भिंतीवरून आवाज न करता ओघळते, आणि पंप थोडा मंद-जलद झाला तर तो फरक हाच पोटात घालतो. तिसऱ्याचं तोंड सगळ्यांत उंच, तो कोरडा.

या दुसऱ्या पाइपाच्या टोपीकडे जवळून पाहा. तिच्यात भोकाऐवजी बोटाच्या निम्म्या जाडीची एक मऊ नळी खोचलेली असते. नळीचं दुसरं टोक वळवून कप्प्यात खाली आणलेलं असतं आणि रोजच्या पातळीच्या किंचित वर धरलेलं असतं. रोज ती नळी हवा घेते आणि पाइप मोकळा वाहतो. समजा, पहिल्या पाइपात काही अडकलं. कप्प्यातलं पाणी चढू लागतं, ते नळीच्या टोकाला टेकतं, नळी बुडते, हवा बंद होते, आणि त्या क्षणी दुसरा पाइप आपोआप सायफन होऊन पहिल्याचं सगळं काम उचलतो. कुठे सेन्सर नाही, वायर नाही, ॲप नाही. पाण्याच्या चढण्यानेच पाण्याची सोय केली. मी हे पहिल्यांदा हाताने पहिला व्हॉल्व्ह बंद करून पाहिलं, तेव्हा कप्प्यातली पातळी बोटभर चढली, एकदा घुटका घेतल्यासारखा आवाज आला आणि पातळी पुन्हा स्थिर झाली. त्या सकाळी काकूंच्या छताखाली उभं राहून मला जे हवं होतं, ते हेच होतं.

सांडव्याची लांबी हा दुसरा मुद्दा, आणि त्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. काठावरून पाणी किती जाडीने सांडतं हे काठ किती लांब आहे यावर ठरतं. हिशोब धरणाच्या सांडव्याचाच. ताशी अडीच हजार लिटर पाणी 10 सेंटिमीटरच्या अरुंद काठावरून जाणार असेल तर त्याची जाडी जवळपास 24 मिलिमीटर होते. तेच पाणी 50 सेंटिमीटरच्या काठावरून गेलं तर जेमतेम 8 मिलिमीटर. हा काठ सपाट धरलाय. दाते असतील तर आकडे थोडे चढतील. पातळ चादर शांत उतरते आणि पृष्ठभाग अधिक चांगला झाडते. शिवाय वीज गेली की काठाच्या वरचं हे सगळं पाणी खाली संपात येतं. टाकी 120 बाय 60 सेंटिमीटरची असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे 7.2 लिटर. अरुंद काठ घेतला की दर वेळी सुमारे साडेअकरा लिटर जास्त पाणी संपात उतरणार.

वीज जाणं हीच खरी परीक्षा. आपल्याकडे ती कधीतरी येणारी नाही. पावसाळ्यात तर नेमाने येते. पंप थांबला की पाणी वर नेणारा पाइप उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड जितकं खोल बुडालेलं, तितकं पाणी टाकीतून ओढून घेतो. काठापासून 5 सेंटिमीटर खाली तोंड असेल तर वरच्याच टाकीतून 36 लिटर. हे पाणी मावेल एवढी जागा संपात कायम रिकामी हवी. एका दिशेने उघडणाऱ्या व्हॉल्व्हवर विसंबू नका. प्रवाळ-टाकीत चुन्याचे थर त्याच्या झडपेवर बसतात आणि गरज असते नेमकी तेव्हा ती बसत नाही. त्याऐवजी पाइपाचं तोंड वर घ्या आणि पाण्याच्या पातळीशी हवा घेणारं एक भोक पाडा. मग वीज परत येते तेव्हाची परीक्षा: पहिला पाइप स्वतःहून पुन्हा भरला पाहिजे. त्याचं खालचं टोक संपाच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवा. जास्त खोल गेलं तर आतली हवा बाहेर पडायला झगडते आणि सायफन धरत नाही. टाकीत एकही जीव सोडण्याआधी पंप दहा वेळा बंद-चालू करा. दहाही वेळा तुमचा हात न लागता सगळं मूळ पातळीवर आलं पाहिजे.

उलट बाजूचा हिशोबही तितकाच मोलाचा. सगळे पाइप बंद पडले असं समजा. संपातल्या पंपाच्या कप्प्यात जेवढं पाणी आहे तेवढं वरच्या टाकीच्या काठात मावलं पाहिजे. बाष्पीभवनाची भरपाई करणाऱ्या गोड्या पाण्याची बादलीही याच हिशोबात धरा. मी ती धरली नव्हती.

सामानाबद्दल तीन गोष्टी इथेच सांगून ठेवतो, कारण त्या चुकल्या तर पुढची प्रकरणं वाचून उपयोग नाही. पहिली, पितळ. प्रवाह बारीक जुळवायला गेट व्हॉल्व्ह लागतो, आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात तो मागितला की समोर पितळी येतो. तो समुद्राच्या पाण्यात कधीही वापरू नका. पितळात तांबं असतं, आणि लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या कितीतरी कमी तांबंही प्रवाळ, झिंगे, गोगलगाई यांना मारतं. व्हॉल्व्ह संपूर्ण प्लॅस्टिकचाच हवा. दुसरी, पाइपाचं माप. आपल्याकडे बाजारात दोन मापपद्धती शेजारीशेजारी विकल्या जातात. एका पद्धतीच्या एक इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 33.4 मिलिमीटर, दुसरीचा 32. दिसायला सारखेच. एकाचा एल्बो दुसऱ्यावर बसल्यासारखा वाटतो, सोल्युशन लावलं की चिकटतोही, आणि काही महिन्यांनी झिरपू लागतो. पाइप आणि फिटिंग एकाच पद्धतीचं घ्या. परदेशी राहणाऱ्या वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं: अमेरिकेत इंची मापं चालतात, युरोपात मिलिमीटरची, आणि मागवलेलं टँक निपल (काचेच्या भोकात बसणारा जोड) कुठलं हे डबा उघडण्याआधीच पाहावं. तिसरी, काच. टफन काचेला भोक पाडता येत नाही. हिऱ्याची पात लागताच तिचा चुरा होतो. टाकी बनवणाऱ्याला आधी विचारा, भोकं चिकटवण्याआधीच पाडून घ्या, आणि टँक निपल हाताने घट्ट करून वर फक्त पाव फेरा द्या. रबरी वॉशर आपलं काम करतो. त्याला सिलिकॉनची जोड लागत नाही.

एक बाब नळकामापलीकडची आहे, पण ती टाळून ही पुस्तिका हातात देणं मला बरोबर वाटत नाही. भारतात कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं 2020 मध्ये हलवली, तीही रीतसर परवानगी घेऊन. एका सार्वजनिक कामाला जे विचारावं लागलं, ते आपल्या हॉलमधल्या टाकीला विचारावंच लागणार. मालवणच्या पाण्यातला तुकडा कुणी आणून दिला तर तो घेऊ नका. कायदेशीर आयातीची कागदपत्रं हातात नसतील तर प्रवाळ घेऊच नका. फक्त समुद्री मासे ठेवायचे असतील तरी या पुस्तिकेतलं नळकाम तेच आहे आणि तेवढंच उपयोगी आहे.

पुस्तिकेची मांडणी कामाच्या क्रमाने आहे. आधी कागदावरचे हिशोब, मग सांडव्याचा कप्पा, मग तिन्ही पाइप, मग संप, आणि शेवटी परीक्षा आणि वर्षाची देखभाल: पाइप उघडून व्हिनेगरमध्ये भिजवणं, दात्यांमधलं शेवाळ काढणं, तिसरा पाइप खरंच मोकळा आहे ना हे पाहणं. कोरडा पाइप वर्षभर काही करत नाही म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यातच कोळी जाळं करतो. जोडांच्या जागी युनियन लावा, म्हणजे हे सगळं करवत न लावता उघडता येईल.

आमच्या सोसायटीत नळकाम करणारे भाऊ माझे या विद्येतले पहिले गुरू. पाइपाचा आवाज ऐकून तो कुठे तुंबलाय हे ते सांगतात. "साहेब, नळ बोलतो तेव्हा ऐकायचं, त्याचं तोंड नाही दाबायचं," असं ते मला फोम काढताना म्हणाले होते. खालच्या काकूंनी मला दुसऱ्यांदा टाकी मांडू दिली, कारण त्यांनी आणि त्यांच्या मुलाने स्वतः येऊन दहाही वेळा पंप बंद-चालू करून पाहिला. दोघांचेही मनापासून आभार.

कुठलंही सामान आणण्याआधी एक करा. घरात टाकी असेल तर रात्री सगळे निजल्यावर पंखा बंद करून तिच्याजवळ दहा मिनिटं बसा आणि ऐका. सरसर किती वेळ, गप्प किती वेळ, घोट केव्हा, ते लिहून ठेवा. त्या कागदावर तुमच्या पाइपाचा दोष लिहिलेला असेल; पुढची पानं त्याचा उपाय आहेत. आमची टाकी आजही हॉलमध्येच आहे, आणि आई आजही हॉलमध्येच झोपते.

ठाणे, गुढीपाडवा
— लेखक